औषधांचे डावे-उजवे

अकोल्याहून वाशीमकडे निघालेली सडक पातूर गांव मागें टाकतांच घाट चढूं लागते. गांव जुनें, टेकडींत कोरलेलीं लेणीं, रेणुकामातेचें देऊळ आणि शेख बाबूंचा दर्गा अशा निरनिराळ्या काळांच्या खुणा एका फेरफटक्यांत पाहून व्हाव्यात असें. जुन्या कागदांतून त्याचा उल्लेख ‘पातूर शेख बाबू’ असाच सांपडतो. आमचे वडील बंधु निवृत्तीनंतर येथेंच राहतात, आणि उन्हाळ्याच्या सुटींत आठ-पंधरा दिवस त्यांच्याकडे काढावेत हा आमचा कैक वर्षांचा परिपाठ आहे. गेल्या वैशाखांत आम्ही गेलों तों दादा ओसरीवर खाटेला खिळलेले. उठूं लागले कीं डोळ्यांपुढें अंधारी येई. दोन्ही पाय घोट्यापाशीं सुजलेले. चार दिवसांपूर्वीं उंबऱ्यावर पडून कोपर फुटलेलें. वहिनी म्हणाल्या, “ऊन बाधलं हो त्यांना.” वऱ्हाडच्या वैशाखांत या निदानास आव्हान देण्याचें धैर्य कोणासहि व्हावयाचें नाहीं. आम्हींहि कांद्याचा रस आणि कैरीचें पन्हें यांवर भिस्त ठेवून दोन दिवस घालविले.

तिसऱ्या दिवशीं औषधांचा डबा आमच्या हातीं आला. दादांस रक्तदाबाचा विकार आहे. दहा वर्षें ते अ‍ॅम्लोडिपीन नांवाची पांच मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळीं घेत आले होते. मध्यंतरीं कोणा नव्या डॉक्टरांनीं ती बदलून दुसरी लिहून दिली. पाकिटावर नांव तेंच. मात्र त्याआधीं ‘एस’ हें एक अक्षर, आणि आंकडा पांचाऐवजीं अडीच. दुकानदारानें सांगितलें, “तेच औषध आहे, काका.” दादांनीं हिशेब केला: औषध तेंच, तर आपलें प्रमाण पांचाचें, तेव्हां अडीचाच्या दोन घ्याव्या. हिशेब चोख होता आणि तोच त्यांना भोंवला. डॉक्टरांस विचारतां कळलें कीं, नव्या गोळीचे अडीच हे जुन्या गोळीच्या पांचांच्या बरोबरीचे असतात. म्हणजे दादा तीन आठवडे दुप्पट औषध घेत होते.

चूक सुधारली, सूज उतरली, अंधारी गेली. पण दादा पडले जुने शाळामास्तर. “तूं कॉलेजांत शिकवतोस न? मंग सांग मला, औषध एकच, तर अडीच म्हणजे पांच कसं?” आम्ही इतिहास शिकवितों, रसायनशास्त्राशीं आमचा संबंध पदवीच्या आधींच सुटला. त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें ग्रंथांतून आणि रसायनाच्या सहाध्यापकांकडून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. दादांच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्याचें आहे. पण त्या वाक्यामागें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत दहा हजारांहून अधिक बालकांचें दुर्दैवहि गुंतलेलें आहे.

प्रथम मूळ गोष्ट काय ती पाहूं. उजवा हात आरशापुढें धरला तर आरशांत डावा हात दिसतो. बोटें तितकींच, त्यांची लांबी तीच, क्रम तोच. तथापि उजव्या हाताचा मोजा डाव्या हातास होत नाहीं. उजव्या पायाची वहाण डाव्या पायांत घालून चालतां येतें, पण सुखानें नव्हे. महाराष्ट्रीय वाचकांस याहून जवळचें उदाहरण गणपतीचें. डाव्या सोंडेचा आणि उजव्या सोंडेचा गणपति एकाच मातीचा, एकाच मापाचा असूं शकतो. फरक काय तो वळणाचा. पण उजव्या सोंडेच्या देवाचें सोवळें कडक, म्हणून घरोघर बसतो तो बहुधा डाव्या सोंडेचा. वस्तु तीच असतां वळणावरून नियम बदलावा, ही कल्पना आपणांस परकी नाहीं. औषधांच्या कायद्यास ती सुचावयास मात्र विसाव्या शतकाचें अखेरचें दशक उजाडावें लागलें.

रेणूंचें असेंच आहे. कर्बाच्या एका अणूस चार भिन्न सोबती जडले कीं त्यांची मांडणी दोन तऱ्हांनीं होऊं शकते, आणि त्या दोन तऱ्हा एकमेकींचीं आरशांतलीं प्रतिबिंबें असतात. अशा दोन रूपांस आम्ही येथें ‘आरसेजोड’ म्हणूं. त्यांचें वजन एक, वितळण्याची उष्णता एक, पाण्यांत विरघळण्याचें प्रमाणहि एक. एकाच पातळींत कंप पावणारा प्रकाश त्यांतून जाऊं दिला तर एक रूप ती पातळी उजवीकडे फिरवितें, दुसरें तितकीच डावीकडे. आणि दोन्ही समभाग मिसळलीं तर फिरणें शून्य. निर्जीव सृष्टींत फरक एवढाच. पण सजीव शरीर हें स्वतःच एका हाताच्या रेणूंनीं घडलेलें आहे, आणि त्यामुळें तें या दोन रूपांशीं एकसारखें वागत नाहीं. ज्यास प्रयोगच पाहावयाचा असेल त्यानें बाजारांतून बाळंतशेपा आणि पुदिन्याची जुडी आणावी. दोहोंच्या सुगंधी तेलांत कार्व्होन नांवाचें एकच द्रव्य आहे. बाळंतशेपांत त्याचें उजवें रूप, पुदिन्यांत डावें. या दोन वासांत घोटाळा करील असें नाक आम्हांस अद्याप भेटलेलें नाहीं. देवापुढें जळणाऱ्या कापराचेंहि तसेंच: झाडापासून निघणारा कापूर उजवीकडे फिरविणारा असतो, टर्पेंटाइनपासून कारखान्यांत केलेला, दोन्ही हात समसमान असल्यामुळें, कोणीकडेच फिरवीत नाहीं.

हा भेद प्रथम डोळ्यांनीं पाहिला तो लुई पाश्चर यानें, सन १८४८ मध्यें, पॅरिस येथें. त्या वेळीं तो पंचवीस वर्षांचा होता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस अद्याप सदतीस वर्षें दूर होती. द्राक्षाच्या मद्याच्या पिपांत तळाशीं जो क्षार बसतो त्यांतून टार्टरिक आम्ल निघतें. तेंच आम्ल आपल्या चिंचेंत असतें. आमटींत चिंचेचा कोळ घालणारी प्रत्येक गृहिणी पाश्चरचें द्रव्य हाताळीत असते, असें म्हणावयास हरकत नाहीं. हें आम्ल प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवी. परंतु त्याच पिपांच्या क्षारांतून कधीं कधीं दुसरें एक आम्ल निघे, पृथक्करणांत हुबेहूब तसेंच, आणि तें मात्र प्रकाशास मुळींच फिरवीत नसे. द्राक्षाच्या घोसास लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्यास रेसिमिक आम्ल म्हणत. आज कोणत्याहि आरसेजोडीच्या समभाग मिश्रणास ‘रेसिमिक’ म्हणतात तें यावरूनच. आम्ही त्यास ‘समिश्र’ म्हणूं.

पाश्चरनें या दुसऱ्या आम्लाचा सोडियम व अमोनियम यांसह केलेला क्षार स्फटिकरूपानें जमूं दिला आणि भिंगाखालीं पाहिला. स्फटिक दोन प्रकारचे होते: कांहींचा एक लहान पैलू उजवीकडे कललेला, कांहींचा डावीकडे. त्यानें चिमट्यानें एकेक स्फटिक उचलून, बायका तांदूळ निवडतात तसे, दोन ढीग केले. दोन्ही ढीग निरनिराळे पाण्यांत विरघळविले. एकानें प्रकाश उजवीकडे फिरविला, दुसऱ्यानें तितकाच डावीकडे. या विषयाचा त्या काळचा सर्वश्रेष्ठ जाणता बियो, वय वर्षें चौऱ्याहत्तर, यास ही वार्ता खरी वाटेना. त्यानें स्वतः द्रव्यें पुरवून, पाश्चरला आपल्या डोळ्यांपुढें सारा प्रयोग पुन्हां करावयास लाविला, आणि मग त्याचें समाधान झालें.

या शोधांत दैवाचा वांटा होता. हा क्षार सुमारें सत्तावीस अंश उष्णतेच्या खालीं जमला तरच त्याचे दोन हात वेगवेगळ्या स्फटिकांत बसतात; त्याहून ऊन हवेंत दोन्ही हात एकाच स्फटिकांत गुंफले जातात आणि निवडावयास कांहीं उरत नाहीं. पाश्चर जर आमच्याप्रमाणें वैशाखांत पातुरास बसला असता, तर चिमटा घेऊन जन्मभर बसला असता! पुढें सन १८५३ मध्यें त्यानें दुसरी रीति काढली, आणि आमच्या कथेस तीच अधिक महत्त्वाची आहे. समिश्रांत एका हाताचें तिसरेंच द्रव्य घालावयाचें; म्हणजे उजव्यानें उजव्याचा हात धरला तर एक जोडी, उजव्यानें डाव्याचा धरला तर दुसरी. या दोन जोड्या आतां परस्परांचीं प्रतिबिंबें राहत नाहींत. त्यांची विद्राव्यता निराळी होते आणि एक आधीं तळाशीं बसते. त्यानें वापरलें तें तिसरें द्रव्य कोयनेलच्या झाडाच्या सालींतील क्षारापासून केलेलें होतें. नंतरच्या थोड्या वर्षांत त्याला असेंहि दिसलें कीं, समिश्र आम्लाच्या पाण्यांत वाढणारी बुरशी उजवें रूप तेवढें खाते आणि डावें तसेंच ठेवते. बुरशीस जें कळलें तें औषधें करणाऱ्या मनुष्यास मनावर घेण्यास शंभर वर्षें लागलीं.

या मांडणीचें शास्त्र हॉलंडचा फान्ट हॉफ आणि फ्रान्सचा ल बेल यांनीं १८७४ मध्यें एकमेकांच्या साहाय्याशिवाय बसविलें, हें येथें नुसतें नोंदवितों. औषधांच्या दृष्टीनें आर्थर कुश्नी या स्कॉटिश पंडिताचें काम आम्हांस अधिक जवळचें वाटतें, कारण त्याचें द्रव्य पातूरच्या उकिरड्या-उकिरड्यावर उगवतें. धोत्र्यांत आणि बेलाडोनांत हायोसायमीन नांवाचें विष डाव्या रूपांत असतें. तें काढतांना व शुद्ध करतांना अर्धें उजवें बनतें, आणि या समिश्रासच अ‍ॅट्रोपीन म्हणतात. कुश्नीनें गेल्या शतकाच्या आरंभीं दोन्ही रूपें प्राण्यांवर निरनिराळीं तपासून दाखविलें कीं, काम करतें तें डावें; उजवें त्याच्या मानानें कित्येक पटींनीं दुबळें. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९२६ मध्यें निघाला. सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विष बाधून वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें वाचकांस आठवत असेल. फवारणीच्या विषांपैकीं सेंद्रिय फॉस्फरसाचीं जीं आहेत, त्यांवर दवाखान्यांतून टोंचतात तें औषध हेंच अ‍ॅट्रोपीन. त्यांतला अर्धा भाग जवळजवळ आळशी आहे. पण तो अपाय करीत नाहीं, मात्रा एकंदरीवर बांधलेली आहे, आणि औषध स्वस्त आहे. तो आळशी भाग काढून टाकावा असें कोणत्याहि सरकारानें म्हटलेलें नाहीं. हें उदाहरण मुद्दाम आधीं दिलें. पुढें जी हकीकत येत आहे तिच्या भयानें ‘प्रत्येक समिश्र घातकच’ अशी समजूत होऊं नये.

ती हकीकत थॅलिडोमाइडची. सन १९५७ च्या ऑक्टोबरांत पश्चिम जर्मनीमध्यें हें झोंपेचें औषध विक्रीस आलें. तें अत्यंत निर्धोक आहे अशी जाहिरात होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळे, आणि गरोदर स्त्रिया सकाळच्या मळमळीवर घेत. थोड्याच काळांत हातपाय खुंटलेलीं, कित्येकदां खांद्यालाच पंजे जडलेलीं मुलें जन्मास येऊं लागलीं. हांबुर्गचे डॉक्टर लेंत्स यांनीं घरोघर चौकशी करून बोट या औषधाकडे दाखविलें. ऑस्ट्रेलियांतून मॅकब्राइड यांनींहि तोच संशय प्रसिद्ध केला. नोव्हेंबर १९६१ अखेर जर्मनींत औषध मागें घेण्यांत आलें. तोंवर जगांत दहा हजारांहून अधिक मुलें अशीं जन्मलीं होतीं, आणि किती गर्भांतच गेलीं त्याची गणति नाहीं. अमेरिका बहुतांशीं वांचली ती फ्रान्सिस केल्सी या बाईंमुळें. त्या सरकारी औषध-खात्यांत नुकत्याच रुजू झाल्या होत्या. कंपनीचा वरचेवर तगादा असतां, ‘निर्धोकपणाचा पुरावा अपुरा आहे’ एवढें एकच म्हणणें त्यांनीं सोडलें नाहीं. १९६२ मध्यें अध्यक्ष केनेडी यांनीं त्यांना सन्मानपदक दिलें, आणि त्याच वर्षीं तेथें कायदा झाला कीं, औषध विकण्यापूर्वीं तें गुणकारी असल्याचाहि पुरावा कंपनीनें द्यावा.

थॅलिडोमाइड हें समिश्र होतें. १९७९ मध्यें जर्मन संशोधकांनीं प्राण्यांवरील प्रयोगांतून असें मांडलें कीं, गर्भास व्यंग आणणारें रूप डावें तेवढें. तेव्हांपासून लोकप्रिय पुस्तकांतून एक सोपी गोष्ट रूढ झाली: उजवें रूप झोंप देणारें, डावें रूप राक्षस, दोन्ही वेळींच निवडलीं असतीं तर अनर्थ टळता. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या मास्तरास तिचा संशय येतो. थॅलिडोमाइडचीं दोन्ही रूपें शरीरांत कांहीं तासांतच एकमेकांत बदलतात, हें पुढें सिद्ध झालें. निव्वळ उजवें रूप दिलें असतें तरी आईच्या रक्तांत डावें तयार झालेंच असतें. तेव्हां निवडून त्या मुलांचे हात वांचले नसते; वांचले असते ते गर्भावरील परिणाम आधीं तपासल्यानें आणि केल्सीबाईंसारखे ‘पुरावा आणा’ म्हणणारे अधिकारी सर्वत्र असते तर. तरी त्या खोट्या ठरलेल्या सोप्या गोष्टीनें एक खरें काम केलें: औषधाला हात असतात, ही गोष्ट तिनें कायदा करणाऱ्यांच्या कानीं घातली.

याच औषधाची दुसरी बाजूहि न लिहिणें अन्यायाचें होईल. १९६४ मध्यें जेरुसलेमच्या शेस्किन या डॉक्टरांस असें आढळलें कीं, महारोग्यांना मधूनच तीव्र ताप व अंगावर लाल दुखऱ्या गांठी येण्याचा जो उद्रेक होतो, तो थॅलिडोमाइडनें शमतो. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें तपोवन उभारलें. त्या वऱ्हाडांतल्या वाचकांस या उद्रेकाची यातना सांगावयास नको. १९९८ मध्यें अमेरिकेनें याच उपयोगासाठीं, गरोदरपणाविषयीं अतिशय कडक निर्बंध घालून, त्या औषधास परवाना दिला. ज्या औषधास केल्सीबाईंनीं दार बंद केलें होतें, तें छत्तीस वर्षांनीं त्याच दारानें, पण बेड्या घालून, आंत आलें.

हाताचा विचार स्पष्ट शब्दांत करणारें पहिलें मोठें सरकारी धोरण म्हणजे अमेरिकन औषध-खात्यानें मे १९९२ मध्यें काढलेलें पत्रक. त्यानें समिश्रें निषिद्ध केलीं नाहींत. कंपनीनें आपल्या रेणूस हात आहेत कीं नाहींत तें ओळखावें, प्रत्येक हात स्वतंत्र मोजण्याची रीति बसवावी, शरीरांत एकाचा दुसरा होतो काय तें पाहावें, आणि मग एकच हात विकावयाचा कीं दोन्ही, याचें कारण द्यावें, एवढाच त्याचा आशय. युरोपांतहि लगोलग तशींच सूचनापत्रें निघालीं. आपल्याकडे १९३०-३१ च्या चोप्रा समितीच्या अहवालांतून १९४० चा औषधांचा कायदा निघाला. त्याचा रोख भेसळ आणि बनावट मालावर होता, आणि त्या काळीं तोच असावयास हवा होता. पुढें त्या कायद्याच्या नियमांतील ‘वाय’ परिशिष्टांत, नव्या औषधाच्या अर्जाबरोबर द्यावयाच्या माहितीच्या यादींत, प्रकाश किती फिरतो आणि एका हाताची शुद्धता किती, या दोन बाबी येऊन बसल्या. कायद्याच्या लांबलचक याद्यांत त्या दोन-तीन शब्दांवर डोळा ठरणार नाहीं. पण पाश्चरच्या चिमट्याची आठवण तेवढ्या शब्दांत आहे.

हाताचा सर्वांत कडक कायदा मात्र औषधांच्या नव्हे, अफूच्या वर्गांतला आहे. घरांतल्या खोकल्याच्या बाटलीवरील बारीक अक्षरें पाहिलीं तर पुष्कळदां ‘डेक्स्ट्रोमेथॉर्फन’ हें नांव सांपडेल. त्यांतलें ‘डेक्स्ट्रो’ म्हणजे उजवें. त्याचाच डावा जोडीदार लेव्होमेथॉर्फन. त्याचा गुण अफूच्या जातीचा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें डाव्यास आणि समिश्रास पहिल्या यादींत, म्हणजे अफूच्या मांडीस मांडी लावून, बसविलें. उजव्यास नांव घेऊन वगळलें. तेच अणु, तितकेच अणु. एक दुकानाच्या फळीवर, दुसरा बाळगाल तर तुरुंगांत. उजव्या-डाव्या सोंडेच्या सोवळ्याचा आम्हीं वर दाखला दिला तो थट्टेनें नव्हे. आणखी एक जोडी आठवते. एका अमेरिकन कंपनीनें प्रोपॉक्सिफीनचें उजवें रूप वेदनेवर व डावें रूप खोकल्यावर विकलें, आणि नांवें ठेवतांना उजव्याच्या नांवाचीं रोमन अक्षरें उलट क्रमानें लिहून डाव्याचें नांव केलें: डार्व्हॉन आणि नोव्हरॅड. व्यापाऱ्यांतहि कवि असतात! त्यांतलें उजवें हृदयास अपायकारक ठरल्यामुळें आपल्या सरकारानें २०१३ मध्यें बंद केलें.

आतां पुण्याकडे, आणि दादांच्या डब्याकडे येऊं. अ‍ॅम्लोडिपीन हें इंग्लंडांतील संशोधनाचें फळ. अमेरिकेंत त्यास १९९२ मध्यें, म्हणजे वरील पत्रकाच्याच वर्षीं, परवाना मिळाला, तो समिश्र म्हणून. रक्तवाहिन्या सैल करण्याचें काम त्यांतलें डावें रूपच करतें. उजवें त्या कामीं जवळपास निरुपयोगी. म्हणजे पांच मिलिग्रॅमच्या गोळींत कामाचा भाग अडीच. उजवें काढून टाकलें तर अडीचाची गोळी पांचाचें काम करणार. दादांच्या प्रश्नाचें एका वाक्याचें उत्तर हें. ‘एस’ हें अक्षर म्हणजे त्या हाताची रसायनशास्त्रांतली खूण. तें कोण्या कंपनीच्या नांवाचें आद्याक्षर असावें, अशी दादांची समजूत होती.

हे दोन हात निवडण्याच्या कामीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें पुढाकार घेतला, आणि पुण्याच्याच एमक्युअर कंपनीनें या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत निव्वळ डावें अ‍ॅम्लोडिपीन बाजारांत आणलें. अमेरिकेंत त्यास परवाना मिळाला तो २०१९ च्या डिसेंबरांत. तोंवर आपल्याकडे तें सर्रास विकलें जात होतें. निवडण्याची जी रीति प्रसिद्ध आहे ती मूळ १८५३ चीच. आणि दोन हातांपैकीं एकाचाच हात घट्ट धरणारें तें तिसरें द्रव्य कोणतें, तर टार्टरिक आम्ल. जें आम्ल पाश्चरनें स्वतः निवडलें, तेंच आज दुसऱ्यांस निवडतें.

एवढा खटाटोप रोग्याच्या हिताचा किती? निव्वळ डाव्या रूपानें पाय कमी सुजतात असा पक्ष मांडला गेला आहे आणि त्यास कांहीं अभ्यासांचा आधारहि आहे. परंतु वैद्यकवर्गांत त्याविषयीं एकवाक्यता नाहीं. आमचें मत विचाराल तर, येथें दोन प्रकारचीं निवडकामें एका नांवाखालीं चालतात. एक लेव्होडोपाचें. कंपवातावर कोट्झियास यांनीं १९६७ मध्यें डोपाचें समिश्र दिलें तेव्हां गुण आला, पण रक्तांतील पांढऱ्या पेशी घटूं लागल्या. उजवें रूप काढून निव्वळ डावें दिल्यावर मात्रा कमी लागली आणि ती पीडा टळली. हें निवडणें अगत्याचें. येथें अभिमानानें सांगावेंसें वाटतें कीं, आमच्या रानांतल्या खाजकुयलीच्या बियांत हा डोपा असतो तो मुळांत डावाच. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ मध्यें तो तींतून काढून दाखविला होता. दुसरें निवडणें पेटंटाच्या मुदतीचें. पोटांतील आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलचें पेटंट सरत आलें तेव्हांच, २००१ मध्यें, त्याचाच एक हात एसोमेप्राझोल म्हणून अमेरिकेंत नव्या नांवानें, नव्या पेटंटानें आणि नव्या किंमतीनें आला. अर्ध्या जुन्या वस्तूस पूर्ण नवी वस्तु म्हणून विकण्याची ही विद्या वाण्याच्याहि वरताण आहे.

या विद्येस आपल्या कायद्यानें बांध घातला आहे. अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालावर उभारलेला १९७० चा पेटंटचा कायदा औषधाच्या कृतीस पेटंट देई, औषधास नव्हे. जागतिक व्यापाराच्या करारामुळें २००५ पासून औषधासहि पेटंट देणें प्राप्त झालें. तेव्हां संसदेनें तिसऱ्या कलमाच्या ‘ड’ पोटकलमांत स्पष्टीकरण घातलें कीं, ज्ञात द्रव्याचे क्षार, स्फटिकभेद, शुद्ध रूप, आणि त्याचे समघटक किंवा समघटकांचीं मिश्रणें हीं तेंच द्रव्य समजावीं. गुणकारितेंत लक्षणीय फरक असेल तरच तें नवें. आरसेजोड या ‘समघटक’ शब्दांतच येते. या पोटकलमाची कसोटी १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत लागली. खटला कर्करोगावरील एका औषधाच्या स्फटिकभेदाचा होता, हाताचा नव्हे. पण न्यायमूर्ति आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयांतून तेथें गेलेल्या न्यायमूर्ति रंजना देसाई यांनीं, औषधाच्या बाबतींत ‘गुणकारिता’ म्हणजे रोगावरील गुण, इतर सोयी नव्हेत, असा जो अर्थ लावला, तो दोन हातांच्या तंट्यासहि लागू पडतो. ज्या देशांत औषधाचा खर्च बहुतेक घरांस स्वतःच्या खिशांतून करावा लागतो, तेथें हा निकाल केवळ वकिलांच्या अभ्यासाचा विषय नाहीं.

मात्र एक गोष्ट आम्हांस खटकते, आणि ती दादांच्या कोपरावरील खपलीमुळें अधिक खटकते. कारखानदारानें सरकारास हाताची शुद्धता सांगावी, पेटंटाच्या कचेरीस हाताचा गुण पटवावा, एवढी व्यवस्था झाली. पण ज्याच्या पोटांत गोळी जावयाची त्यास, जुन्या पांचाची जागा ही अडीच घेते, हें सांगणारी एक ओळहि त्या पाकिटावर आम्हांस आढळली नाहीं. ना मराठींत, ना इंग्रजींत. डॉक्टरांनीं घाईंत लिहिलें, दुकानदारानें सद्भावानें ‘तेच’ म्हटलें, आणि दुकानदार खोटेंहि बोलला नव्हता.

परत पातुरास गेलों तेव्हां हें सारें दादांस ओसरीवर बसून सांगितलें. पाश्चरच्या चिमट्याची गोष्ट त्यांना फार आवडली. वहिनींनीं चिंच फोडतांना ऐकली आणि बुटकुल्यांतील गोळ्याकडे एकदां निरखून पाहिलें. दादांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. “दोन्हींत गुण सारखाच, तर स्वस्त कोणती?” त्यांच्या दुकानीं जुनीच स्वस्त निघाली. डॉक्टरांच्या अनुमतीनें ते पुन्हां पांचाच्या गोळीवर आले आहेत. उरलेल्या अडीचाच्या गोळ्या त्यांनीं पाकिटासकट कागदांत गुंडाळून, वर पेन्सिलीनें ‘ही डावी, घेऊं नये’ असें लिहून, कपाटाच्या वरच्या कप्प्यांत ठेविल्या आहेत.